आवाजाबद्दल माफी मागा, येण्याबद्दल नको

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मॉनमथ काउंटीतल्या एका छोट्या किनारी गावात राहतो. गावाचं नाव छापू नका, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. २०१२ च्या उन्हाळ्यात घर घेतलं आणि ऑक्टोबरात सँडी वादळ आलं. तळघर पाण्याने भरलं. तेव्हा समोरच्या घरातले आजोबा स्वतःचा पंप घेऊन आले आणि आमच्या बरोबरीने चिखल उपसत राहिले. ते एकटे राहतात. तेव्हापासूनचं नातं आहे: उन्हाळ्यात त्यांच्या पोर्चवर आइस्ड टी, आणि बर्फ पडला की त्यांच्या पायऱ्या माझा मुलगा साफ करतो.

पण मेमोरियल डे (मेअखेरची सुट्टी, इथे उन्हाळ्याची सुरुवात) आला की आजोबा बदलतात. अंगणात ‘बेनीज गो होम’ अशी पाटी लागते. उत्तर जर्सी आणि न्यूयॉर्ककडून उन्हाळ्यापुरते येणाऱ्यांना इथले लोक बेनी म्हणतात. खिडक्या उघड्या टाकून, केटीयू हे डान्स म्युझिकचं रेडिओ स्टेशन मोठ्याने लावून गाडी गेली की आजोबा पोर्चवरून ओरडतात. मला त्यांचं दुखणं कळतं. माझं माहेर हर्णैचं. मे महिन्यात भावाचा फोन आला की पुळणीवर गाड्या घालणाऱ्या पर्यटकांबद्दल तोही असाच चिडलेला असतो.

या चार जुलैला एडिसनहून आमच्या ओळखीची पाच कुटुंबं आली. दोन गाड्या आजोबांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लागल्या. बीचवरून परतल्यावर मागच्या अंगणात मोठा स्पीकर लावून नाच सुरू झाला. गाणी माझा सतरा वर्षांचा मुलगाच लावत होता. साडेदहाच्या सुमाराला आजोबा कुंपणाशी आले आणि ओरडले, ‘बेनीज, गो होम!’ एका मैत्रिणीचे सासरे ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीत राहिलेले आहेत. ते काही न बोलता उठले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले. ताट तसंच राहिलं.

आता मैत्रिणी म्हणतात, तुझा शेजारी वंशद्वेषी आहे आणि तू त्याला पाठीशी घालतेस. आजोबांनी अबोला धरलाय. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी कुणाला बोलावूच नकोस. मुलगा उन्हाळाभर बीचवर बॅज, म्हणजे प्रवेशाचे पास, तपासायचं काम करतो आणि रात्री खोलीत डान्स म्युझिकचं मिक्सिंग. त्याचं म्हणणं, ‘आई, त्यांना फक्त आपलं म्युझिक सहन होत नाही.’ मी कुणाच्या बाजूने उभी राहू?

– किनाऱ्यावरची एक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात मी एक वाक्य शोधत होते, ते सापडलं नाही. मैत्रिणीच्या सासऱ्यांना तुम्ही फोन केलात का? मैत्रिणी काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, मुलगा काय म्हणतो हे सगळं पत्रात आहे, आजोबांचा अबोलाही आहे. भरल्या ताटावरून जो माणूस उठला, त्याचं पुढे काय झालं ते मात्र नाही. म्हणून सर्वांत आधी त्यांना फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकून भागवू नका. शक्य झालं तर येत्या शनिवारी एडिसनला जाऊन त्यांना भेटून या. ‘माझ्या घरी तुम्हाला हे ऐकावं लागलं आणि मी त्याच क्षणी उठून तुमच्यापाशी आले नाही, याचं मला वाईट वाटतंय,’ एवढं सांगा. आजोबांची वकिली त्या भेटीत अजिबात नको. सँडीतल्या पंपाची गोष्टही नको.

ते गाडीत का जाऊन बसले, ते तुमच्या मुलाला तरी नक्कीच ठाऊक नसणार, तेव्हा त्यालाही सांगा. १९८७ च्या उन्हाळ्यात जर्सी सिटीत स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहराबाहेर घालवण्याची धमकी दिली होती. आपल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून घेतलेलं ते नाव. फोनबुकात पटेल आडनाव शोधून घरं हेरतो, असं त्यांनी उघड लिहिलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला काही जणांनी इतकं मारलं की त्यात त्याचा जीव गेला. कित्येक भारतीय घरांत तेव्हा बायका टिकली न लावता बाहेर पडायला लागल्या. ज्यांनी ते दिवस जर्सी सिटीत काढले, त्यांना रात्रीच्या वेळी, कुंपणापलीकडून, गोऱ्या माणसाच्या तोंडून ‘गो होम’ ऐकू आलं, तर ते काय समजतील? आजोबांच्या मनात काय होतं हा प्रश्न त्यांच्यापुरता नंतरचा आहे.

आता आजोबांकडे वळू. तुमच्या अंगणात त्या रात्री दोन वेगवेगळी भांडणं एकाच ओरडण्यात मिसळली. एक होतं आवाजाचं आणि गाड्यांचं. त्यात आजोबा शंभर टक्के बरोबर आहेत. दुसरं होतं, इथे कुणी यावं आणि कुणी येऊ नये याचं. त्यात ते शंभर टक्के चूक आहेत. तुम्ही दोन्हींचा मिळून एकच हिशोब मांडताय, म्हणून कुणाची बाजू घ्यायची ते ठरत नाहीये. दोन्ही वेगळी करा, म्हणजे पहिल्यात पूर्ण माघार घेता येईल आणि दुसऱ्यात तसूभरही मागे सरायची गरज पडणार नाही.

आधी आवाजाचं. ही तक्रार गाणी न आवडण्यातून येते असं बहुतेकांना वाटतं, म्हणून तपशिलात सांगते. डान्स म्युझिकचा सगळा जीव खालच्या सुरांच्या ठेक्यात असतो आणि नेमका तोच भाग भिंतीला जुमानत नाही. वरचे सूर, गाण्याचे शब्द, टाळ्या हे खिडकी लावली की बरेचसे अडतात. बेसच्या लहरी काही मीटर लांबीच्या असतात, त्या लाकडी घराच्या भिंतीतून सहज आत येतात. म्हणजे तुम्ही अंगणात गाणं ऐकत होतात आणि आजोबा अंथरुणात फक्त दण-दण-दण ऐकत होते. त्यांना ना सूर मिळाला ना शब्द. शिवाय उन्हाळ्याच्या रात्री जमीन थंड होते, वरची हवा तिच्यापेक्षा गरम राहते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी जो आवाज दोन घरांपर्यंत पोचतो, तोच रात्री गल्लीच्या टोकापर्यंत जातो. दिवसा बीचवरही असंच होतं. दुपारनंतर वारा समुद्राकडून गावाकडे सुटतो आणि वाळूवरच्या स्पीकरचा आवाज घेऊन घराघरांत शिरतो.

एक करून बघा. मुलाला सांगा, त्या रात्रीचीच गाणी तेवढ्याच आवाजात लाव. मग त्याला घेऊन रस्ता ओलांडा आणि आजोबांच्या झोपायच्या खोलीच्या बाजूच्या फुटपाथवर पाच मिनिटं उभ्या राहा. दिवसाढवळ्या करा, आणि आजोबा घरी नसताना करा. मुलाला मिक्सिंगची आवड आहे, त्यामुळे तुमच्याआधी त्याच्या लक्षात येईल. ज्याला पुढेमागे लोकांसाठी गाणी लावायची आहेत, त्याला आपला आवाज कुठवर जातो हे कळलंच पाहिजे.

नियमही आजोबांच्याच बाजूने आहे. न्यू जर्सीत ध्वनी नियंत्रणाचा १९७१ चा कायदा आहे. बार, क्लब, दुकानं अशा व्यावसायिक जागांमधून निघणारा आवाज घरांच्या हद्दीवर दिवसा ६५ डेसिबलपर्यंत चालतो आणि रात्री १० ते सकाळी ७ या वेळात फक्त ५०. घरगुती आवाजाचे नियम प्रत्येक गाव आपले आपण करतं, तुमच्या गावाचे टाउनच्या वेबसाइटवर मिळतील. पण साडेदहाला मागच्या अंगणात मोठा स्पीकर चालू असणं कुठल्याच गावात बसेल असं मला वाटत नाही. आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गाडी लावणं, तेही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या, यावर बोलण्यासारखं काही नाहीच. रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली असती तर?

तेव्हा जा आणि माफी मागा. मुलाला बरोबर न्या, कारण गाणी तो लावत होता. नवरा आला तर उत्तम, नाही आला तरी थांबू नका. हातात डबा नेऊ नका. आपल्याकडे कुणाकडे जाताना काहीतरी घेऊन जायची सवय असते, ती या वेळी मोडा. खाण्याचं काही पुढे केलंत की समोरच्याला ‘अहो, असू द्या’ म्हणावंच लागतं आणि त्यांचा राग तसाच आत राहतो. दारात उभं राहून सांगा: ‘चार तारखेला आमच्याकडे रात्री फार मोठा आवाज होता. तुमचा ड्राइव्हवेही अडला. चूक आमची होती. दहानंतर अंगणात स्पीकर पुन्हा लागणार नाही.’ बस. ‘पण’ शब्द त्या दिवशी तोंडातून बाहेर पडता कामा नये. ते रागावून बोलले तर ऐकून घ्या.

दुसरं बोलणं चार-पाच दिवसांनी, आणि ते तुम्ही एकटीने करायचं आहे. दोन्ही एकाच दिवशी केलीत तर तो सौदा होतो, आम्ही आवाज कमी करतो, तुम्ही जीभ आवरा. माफी ही सौद्यातली वस्तू असू नये. दुसऱ्या बोलण्यात जर्सी सिटीची गोष्ट सांगा. तुमचे पाहुणे का उठून गेले, १९८७ साली इथून तासाभराच्या अंतरावर काय घडत होतं, ते सगळं सांगा. कदाचित त्यांना यातलं काहीच माहीत नसेल. त्या माणसाने तुमच्या तळघरातला चिखल उपसलाय, त्याला एवढं सत्य ऐकवण्याचा हक्क तुम्ही कमावलेला आहे. ते ऐकण्याइतका तो माणूस मोठा आहे असंही मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

आजोबा वंशद्वेषी आहेत का, याचं उत्तर मी इथे बसून देणार नाही. ‘बेनी’ हे संबोधन तुमच्या-आमच्यासाठी घडलेलं नाही. बेयॉन, एलिझाबेथ, नेवार्क, न्यूयॉर्क या नावांच्या आद्याक्षरांवरून ते आलं असं सांगतात, आणि इटालियन, पोलिश, आयरिश वस्त्यांतून बीचवर येणाऱ्या गोऱ्या कामकरी कुटुंबांनाही गावकऱ्यांनी त्याच नावाने हिणवलेलं आहे. पाटी तुमचे पाहुणे यायच्या आधीपासून होती, रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला ती लागू होती. हे खरं आहे. आणि तरीही, पाहुणे सावळे असताना रात्री कुंपणावरून तेच ओरडणं तेवढंच उरत नाही, हेही खरं आहे. मैत्रिणींना यातलं पहिलं पटवून द्यायला जाऊ नका. आजोबांना दुसरं नक्की सांगा.

आता ‘घरी जा’ या मागणीबद्दल. या किनाऱ्यावर तिला आधारच नाही. तुमच्या काउंटीतल्याच एव्हन-बाय-द-सी या गावाने बाहेरच्यांकडून बीचवर जायचे जास्त पैसे घ्यायला सुरुवात केली होती. शेजारच्या नेपच्यून सिटीला समुद्र नाही. तिथल्या लोकांना शेजारच्याच गावच्या वाळूवर जास्त दर द्यावा लागायला लागला, तेव्हा नेपच्यून सिटी कोर्टात गेली. १९७२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की समुद्र आणि भरतीच्या रेघेपर्यंतचा किनारा सगळ्या जनतेचा आहे, सरकार आणि टाउन त्याचे फक्त विश्वस्त आहेत, म्हणून गावकरी आणि बाहेरचे असा भेद दरात करता येणार नाही. तुमचा मुलगा रोज सकाळी खुर्ची टाकून बसतो त्या बीचवरचे दर याच निकालाने बांधलेले आहेत. गल्लीतली बाई असो, नेवार्कहून ट्रेनने आलेलं पोर असो, दोघांना एकच भाव, आणि १२ वर्षांखालच्या मुलांना राज्यभर फुकट.

आणि ती वाळू? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मॉनमथ काउंटीच्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी वाळू उरलीच नव्हती. १९९४ पासून अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने सी ब्राइट ते मॅनास्क्वान असा सुमारे २१ मैलांचा किनारा समुद्रातली वाळू उपसून पुन्हा भरला. त्या कामाचा मोठा वाटा केंद्र सरकारने आणि राज्याने उचलला. त्यात एडिसनच्या लोकांचा कर आहे, बेयॉनच्या लोकांचाही आहे. आजोबा ज्यांना घरी जा म्हणतात, त्यांनीच त्यांच्या घरापुढचा किनारा परत उभा करायला पैसे दिलेत. हे त्यांना वादात हरवण्यासाठी सांगू नका. ‘आमचा बीच’ असा विषय निघाला तर शांतपणे सांगा.

आजोबांच्या रागामागे काय आहे, हेही समजून घ्या, कारण ते खोटं नाही. सँडीनंतर कितीतरी जुन्या घरांनी विमा, दुरुस्ती, घर उंचावण्याचा खर्च यांपुढे हात टेकले. त्या जागी मोठी घरं आली, त्यातली बरीच वर्षातले नऊ महिने बंद. आपली मुलं आपल्याच गावात घर घेऊ शकत नाहीत, हे दुःख या किनाऱ्यावर घरोघरी आहे. त्यात २०२४ च्या मेमोरियल डेला वाइल्डवुडमध्ये जमाव आवरेना म्हणून आणीबाणी जाहीर करावी लागली, त्याच वीकेंडला ओशन सिटीच्या बोर्डवॉकवर एका पंधरा वर्षांच्या मुलाला भोसकलं. अशा बातम्या बघून म्हातारी माणसं धास्तावतात. पण घरांच्या किमती ज्यांनी चढवल्या, ते खिडकी उघडी टाकून केटीयू ऐकत जाणारे लोक नव्हेत. ते तर दिवसाचा बॅज काढून, वाळूत सँडविच खाऊन संध्याकाळी परत जातात. राग योग्य आहे, पत्ता चुकलाय. तुमच्या भावालाही फोनवर हे सांगा. कर्दे-मुरूडच्या पुळणीवर गाडी घालणाऱ्याला पोलिसांनी दंड करावाच, पण एसटीने येऊन पाण्यात पाय बुडवणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाने त्याचं काय वाकडं केलंय?

आणि आता तुमचा मुलगा. त्याच्या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ‘त्यांना फक्त आपलं म्युझिक सहन होत नाही.’ त्याचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे.

डान्स म्युझिकचा तिरस्कार या देशात बऱ्याचदा ते ऐकणाऱ्यांच्या तिरस्काराचं पांघरूण झालेला आहे. १९७८ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ९२.३ वरचं डब्ल्यूकेटीयू हे स्टेशन मऊ रॉक सोडून एका रात्रीत डिस्कोवर गेलं आणि काही महिन्यांतच शहरातलं पहिल्या क्रमांकाचं स्टेशन झालं. ऐकणारे कोण होते? ब्रॉन्क्सचे पोर्तोरिकन, हार्लेमचे काळे, ब्रुकलिनचे इटालियन, समलिंगी तरुण, कारखान्यातल्या पोरी. जवळपास वर्षभराने, १२ जुलै १९७९ ला, शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ जॉकीच्या हाकेवर हजारो लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डी आणल्या आणि त्या भर मैदानात स्फोटाने उडवल्या. मग जमाव मैदानात घुसला, सामना रद्द झाला. त्या ढिगात निव्वळ डिस्को नव्हतं. काळ्या गायकांच्या सोल आणि आर अँड बीच्या रेकॉर्डीही होत्या, असं तिथे दारावर काम करणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. संगीताच्या नावाखाली लोक कशावर चिडले होते ते त्यातून दिसतं.

संगीत मेलं नाही. त्याच शिकागोत फ्रँकी नकल्सने वेअरहाउस क्लबमध्ये जे वाजवलं त्यातून हाउस म्युझिक हा डान्स म्युझिकचा प्रकार आला. आणि हे मुलाला नक्की सांगा: न्यू जर्सीत ते बाहेरून आलेलं नाही. १९७९ मध्ये नेवार्कमधल्या एका मोटेलात झांझिबार नावाचा क्लब सुरू झाला. ऐंशीच्या दशकात तिथे टोनी हम्फ्रीज वाजवायचा आणि त्याचे मिक्स न्यूयॉर्कच्या ९८.७ किस एफएमवरून घराघरांत जायचे. पोरं कॅसेट रेकॉर्डरचं बटण दाबून बसायची. त्या गॉस्पेलच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, अंगाने जाणाऱ्या हाउसला जगभरचे जाणकार आजही ‘जर्सी साउंड’ म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच नेवार्कमधून जर्सी क्लब निघालं, तुटक्या बेसचं आणि चिरलेल्या आवाजांचं, आज तुमचा मुलगा ज्याचे तुकडे फोनवर ऐकत असेल. फेब्रुवारी १९९६ मध्ये केटीयू १०३.५ वर परत आलं तेव्हा त्याच्या लहरी एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरून थेट तुमच्या किनाऱ्यापर्यंत पोचायला लागल्या. म्हणजे आजोबा ज्याला बाहेरच्यांचा गोंगाट म्हणतात, ते त्यांच्याच राज्यात, पार्कवे महामार्गाने तासाभरावर घडलेलं संगीत आहे. इथल्या मातीचं म्हणून अभिमानाने दाखवावं असं जे थोडं आहे, त्यात मी ते धरते.

पण निम्मं चूकही आहे, आणि मुलाने ते मानलं पाहिजे. साडेदहाला बेस वाजत असेल तर लता असो की हाउस, झोपणाऱ्याला ते सारखंच. एक अन्याय खरा आहे म्हणून दुसऱ्याची झोप मोडायचा परवाना मिळत नाही. त्याला चांगला हेडफोन घेऊन द्या, आणि त्याच्या हौसेला जागा मिळवून द्या. वेस्ट लाँग ब्रांचला मॉनमथ युनिव्हर्सिटीचं ८८.९ हे विद्यार्थ्यांचं स्टेशन आहे, रटगर्स युनिव्हर्सिटीचं ८८.७ आहे. कॉलेज निवडताना त्याने हे बघावं. चार भिंतींच्या आत मिक्सिंग करणं वेगळं आणि अनोळखी माणूस गाडी चालवताना ऐकतोय हे धरून तासभर कार्यक्रम बांधणं वेगळं. त्याने हे दुसरं शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आजोबांशी बोलणं सुरू झालं की एखाद्या दिवशी मुलालाच त्यांना विचारू द्या, तुम्ही तरुणपणी कारमध्ये काय ऐकायचात? १९७८ साली ते पंचविशी-तिशीत असणार. याचं उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, पण प्रश्न विचारण्यासारखा आहे.

नवऱ्याचं म्हणणं मानू नका. पुढच्या चार जुलैला पाहुणे आलेच पाहिजेत. फक्त व्यवस्था बदला. पाचापैकी तीन कुटुंबांना ट्रेनने यायला सांगा. एडिसनहून निघायचं, राहवेला गाडी बदलून नॉर्थ जर्सी कोस्ट लाइन धरायची. स्टेशनवर तुमची गाडी दोन फेऱ्या मारेल. आलेल्या गाड्या तुमच्या ड्राइव्हवेत आणि तुमच्याच घरासमोर. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात बेस वाढतो. गवतावर, उशीवर ठेवा आणि बेसची पट्टी खाली ओढा. नऊला आवाज निम्मा, दहाला बंद. मग गप्पा, पत्ते, काय हवं ते. आठवडाभर आधी आजोबांना सांगा की अमुक दिवशी आमच्याकडे वीस माणसं आहेत, काही खटकलं तर पोर्चवरून ओरडू नका, मला या नंबरवर फोन करा. आणि फोन आला तर उचला. मैत्रिणींना हे नियम आधीच कळवा. त्या म्हणतील, त्याच्यासाठी आमच्यावर बंधनं का. सांगा की बंधन माझ्या घराचं आहे, त्याचं नाही. त्यावर कुणी ‘तू गोरी झालीस’ म्हणालं तर म्हणू द्या, उत्तर देऊ नका.

गाव म्हणून काही बदलायचं असेल, पार्किंग, बीचवरच्या स्पीकरचे नियम, रात्रीची गस्त, तर टाउन कौन्सिलच्या बैठकीत जा. या राज्यात प्रत्येक कौन्सिलला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. आजोबा तिथे जात असतीलच. तुम्हीही जा, नाव-पत्ता सांगा आणि बोला. इतकी वर्षं कर भरताय, सँडी सोसलीय, त्या खोलीत तुमचा आवाज हवा.

राहिली पाटी. ती काढायला लावण्याचा मार्ग तुमच्याकडे नाही आणि शोधूही नका. त्यांचं अंगण आहे, त्यांना बोलायचा हक्क आहे. पण त्या पाटीखाली बसून आइस्ड टी पिणं आता तुम्ही थांबवा, आणि का थांबवताय ते त्यांना तोंडावर सांगा: ‘माझ्या घरी येणारी माणसं ही पाटी वाचून आत येतात. ती असेपर्यंत मी तुमच्या पोर्चवर बसणार नाही. रस्त्यात भेटलात तर बोलेन. औषधं आणायची असली तर फोन करा, मी आणून देईन. बर्फ पडला तर पायऱ्या माझा मुलगा साफ करेल, दर वर्षी करतो तसाच.’